फांदीताईची नवी आवृत्ती

खालून किंकाळी आली तेव्हा मी दात घासत होते. वाटलं, कोणीतरी पडलं. तोंडात फेस तसाच ठेवून मी जिना उतरले.

फांदीताई जेवणाच्या टेबलाशी उभी होती. तिची खुर्ची मागे कलंडलेली होती. दोन्ही हात वर.

"सगळ्या हिरव्या!" ती ओरडली. "एकूण एक हिरवी! अगं, बघतेस काय तिथून, इकडे ये!"

तिचे यजमान शांतपणे टोस्टला लोणी लावत होते. त्यांना मी भाऊजी म्हणते. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे.

"तुम्ही तोंड धुऊन या," ते मला म्हणाले. "ही काही संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाही."

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात पदवी घेतली आणि एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. म्हणून या घरात मला सगळे 'साहित्यिक' म्हणतात. एक ओळ कधी छापून आलेली नाही, पण हाक तीच. फांदीताईचं नावही असंच पडलेलं. ती फोनवर बोलत असली की हाताखाली जो कागद येईल त्यावर झाडं काढते. मूळ वर, फांद्या खाली. वीजबिलावर झाड, वर्तमानपत्रावर झाड, भाऊजींच्या दुकानातल्या पावत्यांवर झाड. लग्न नवीन असताना भाऊजी म्हणाले होते, "ही फांदी कुठल्या झाडाची आणली मी?" तेव्हापासून फांदी. पोटापाण्यासाठी ती एका कंपनीची बिलांची सॉफ्टवेअरं घरी बसून लिहिते. पण तिचा जीव दुसरीकडेच आहे.

तो जीव म्हणजे एक लायब्ररी. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी आनंदाने विचारलं होतं, पुस्तकं किती आहेत?

ती इतकी हसली की धाकटी खालच्या मजल्यावरून वर आली. धाकटी म्हणजे ताईची बहीण. तळमजल्यावर तिचं केस कापायचं दुकान आहे.

मग ताईने समजावून सांगितलं होतं. "प्रोग्राम लिहिणाऱ्यांना रोज त्याच त्याच गोष्टी लागतात. प्रत्येकाने घरी दळण कशाला दळायचं? मी एकदा दळून ठेवलंय. ज्याला हवं त्याने घ्यावं, फुकट. माझ्या गिरणीत दोनच गोष्टी मिळतात. ट्री आणि ग्राफ."

"म्हणजे?"

"ट्री म्हणजे ऑफिस. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच साहेब. ग्राफ म्हणजे आपलं घर. कोणाचाही कोणाशीही संबंध."

धाकटी म्हणाली, "आणि कोणाच्याही डोक्यावर कोणीही."

ही लायब्ररी ताईने कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या लिहिली. टाइपस्क्रिप्टमध्ये. ती म्हणते, साधी जावास्क्रिप्ट कपाटात काहीही कोंबू देते. टाइपस्क्रिप्ट सासूसारखी दारात उभी राहून विचारते, डब्यात काय आहे, दाखव. पण ताईने तेव्हा घाई केली होती. जागोजागी 'एनी' लिहून ठेवलं होतं. एनी म्हणजे काहीही चालेल. सासूच्या डोळ्यांवर पट्टी. पुढे नोकरी आली, संसार आला, आणि लायब्ररी तशीच राहिली. जगात कुठे कुठे कोण कोण ती वापरत होतं. ताईला पत्ता नव्हता.

मग एक निरोप आला. आमच्याच गावच्या पाणी खात्यातल्या अभियंत्याचा.

ताईने तो मला मोठ्याने वाचायला लावला. पुन्हा पुन्हा. त्याने लिहिलं होतं की गावातले सगळे पाइप त्याने तिच्या ग्राफमध्ये भरले आहेत. दोन पाइप जिथे मिळतात तो नोड. पाइप म्हणजे कडा. प्रत्येक पाइपवर कुठे व्हॉल्व्ह आहे तेही त्यात आहे. आजवर कुठेही पाइप फुटला की खातं मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचं आणि अर्धं गाव संध्याकाळपर्यंत कोरडं. त्याचा प्रोग्राम सांगतो, एवढे दोनतीनच बंद करा, बाकीच्यांचं पाणी चालू राहू द्या. त्याच्या वरिष्ठांनी एका चाचणीची परवानगी दिली होती. पण अडचण होती. नव्या टाइपस्क्रिप्टमध्ये ताईची जुनी लायब्ररी चालेना. आणि अख्ख्या गावाचा नकाशा घातला की ती इतकी हळू चाले की माणसाने चहा पिऊन यावं. शेवटी त्याने लिहिलं होतं: आपण नवी आवृत्ती काढणार असाल तर थांबतो. नाहीतर दुसरी लायब्ररी शोधावी लागेल.

"आपल्या नळाच्या पाण्यात माझा ग्राफ आहे," ताई म्हणाली. मग तिने उठून नळ सोडला आणि नुसतीच बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली.

मी कविता लिहिणारे लोक पाहिले आहेत. एका शब्दासाठी खिडकीतून बाहेर बघत बसणारे. पण असं काम करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. ती स्वतःच्याच जुन्या ओळींशी भांडायची. "कोणी लिहिलंय हे? कोण ही बया?" एकेक एनी काढायची आणि टाळी वाजवायची. तिचा एक नेम होता. काहीही बदलायचं असलं की आधी एक छोटी चाचणी लिहायची. ती चाचणी लाल आली पाहिजे. म्हणजे चूक डोळ्यांनी दिसली पाहिजे. मगच कोडला हात. मग तीच चाचणी हिरवी.

"आधीच बरोबर लिहिलं तर?" मी विचारलं.

"लाल पाहिल्याशिवाय हिरव्यावर विश्वास कसा ठेवणार?"

मी म्हटलं, "आम्ही याला दुसरी आवृत्ती म्हणतो. सुधारित आणि वाढवलेली."

"माझी सुधारित आणि छाटलेली," ती म्हणाली.

वेगाची युक्ती तिला अंघोळ करताना सुचली. ओले केस पंच्यात गुंडाळून ती बाहेर आली. "यादी नको! कप्पे!" पूर्वी प्रत्येक नोडजवळ शेजाऱ्यांची एक लांब यादी असे. एखादा शेजारी शोधायचा तर पहिल्यापासून वाचत जावं लागे. आता प्रत्येक नोडला एक कपाट, आणि कपाटात प्रत्येक शेजाऱ्याच्या नावाचा एक कप्पा. थेट कप्पा उघडायचा. शोधाशोध नाही. तिने हे मला दोनदा सांगितलं, भाऊजींना तीनदा आणि दूध टाकायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे."

आणि आज सकाळी सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या.

तिने मला शेजारी बसवलं आणि बटण दाबलं. नवी आवृत्ती जगासाठी खुली झाली. प्रकाशन सोहळ्याला मी आणि भाऊजी. हार नाही, भाषण नाही. लोणी लावलेला टोस्ट होता.

दुपारी अभियंत्याचा निरोप आला. अख्ख्या गावाचा नकाशा डोळ्याचं पातं लवायच्या आत! चाचणी उद्याच घेतो. बाजाराच्या कोपऱ्यावरचा सांधा बदलायचाच आहे.

ताईने मला धरून गरागरा फिरवलं. मी तिच्यापेक्षा उंच आहे. तरी.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. ताईने मला काम दिलं होतं. लायब्ररी कशी वापरायची याची माहिती नव्याने लिहायची. साध्या भाषेत, उदाहरणासकट. "तुझ्यासारखीला कळलं तर सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. हे कौतुक होतं की काय ते मी विचारलं नाही.

मी उदाहरण म्हणून हेच घर घेतलं. माणसं म्हणजे नोड, नाती म्हणजे कडा. ताईने आखून दिलेल्या ओळी समोर होत्याच. मी फक्त माणसं बदलत गेले. ताई आणि भाऊजी, नवरा. ताई आणि धाकटी, बहीण. मग लक्षात आलं, धाकटीचं लग्न भाऊजींच्या धाकट्या भावाशी झालेलं आहे. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. मी आणखी एक ओळ घातली. ताई आणि धाकटी, जाऊ.

धाकटी नेमकी तेव्हाच वर आली. हातात रबरी मोजे, त्यांवर काळा रंग. खाली खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या, आणि हिला कात्री सापडत नव्हती.

"काय चाललंय?"

"आपलं घर ग्राफमध्ये घातलंय," मी म्हटलं. "विचार, ताईला तू कोण लागतेस?"

ताईने हसत तो प्रश्न विचारणारी ओळ लिहून चालवली. पडद्यावर उत्तर आलं.

जाऊ.

तेवढंच.

"आणि बहीण?" धाकटी म्हणाली. "वा गं वा! जाऊ तेवढी राहिली, बहीण गेली! यंत्र खोटं नाही बोलत हं ताई, तुझ्या पोटातलं ओठावर आलं!"

मी हसले. भाऊजी आतून हसले.

ताई हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती. मग तिने हात गालावर ठेवला, दाढ दुखत असल्यासारखा.

"एकाच नावाचा कप्पा," ती म्हणाली. "एकच कप्पा. दुसरी गोष्ट ठेवली की पहिली बाहेर."

"मग काय झालं?" धाकटी म्हणाली. "आपल्यासारख्या किती असणार?"

"पाइप," ताई म्हणाली. "अगं, पाइप! जुना पाइप गंजला की खातं शेजारून नवा टाकतं. जुना काढत नाही, दोन्ही चालू ठेवतं. बाजाराच्या रस्त्यावर मी स्वतः बघितलंय खोदकाम. त्याच दोन टोकांमध्ये दोन पाइप!"

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. कप्प्यात एकच पाइप राहिला. प्रोग्रामला दुसरा दिसतच नाही. तो एकाच पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगणार. लोक खड्ड्यात उतरून सांधा कापणार. आणि दुसऱ्या पाइपातून गावाचं पाणी त्यांच्या अंगावर येणार.

"चाचण्या तर हिरव्या होत्या," मी म्हटलं.

"चाचण्या कोणी लिहिल्या? मीच ना!"

आमच्या छापखान्यात एक नियम आहे. आपलं प्रूफ आपण वाचायचं नाही. मी तो तिला सांगितला नाही. ती वेळ नव्हती.

तिने अभियंत्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

धाकटीने रंगाचे मोजे तोंडाने ओढून काढले आणि खिशातून स्कूटरची किल्ली टेबलावर फेकली. "जा! मी भाऊजींच्या फोनवरून त्याला लावत राहते. जा गं, बघत काय बसलात!"

ताईला स्कूटर येत नाही. मला येते, बेताची. ती मागे बसली. लॅपटॉप उघडाच, छातीशी धरलेला. रस्ताभर ती माझ्या कानात ओरडत होती. "डावीकडून! अगं, डावीकडून! हॉर्न वाजव! कप्प्यात दोन गोष्टी कशा ठेवायच्या? थांब, सांगू नकोस, मला सुचतंय! सिग्नल लाल आहे, थांब!"

बाजाराच्या कोपऱ्यावर रस्ता अडवला होता. लाल पांढरे खांब, मध्ये खड्डा. खड्ड्यात दोघे जण. एकाच्या हातात पाइप कापायचं यंत्र होतं आणि ते घरघरायला लागलं होतं. मी स्कूटर स्टँडला लावायच्या आत ताई उतरली होती.

"थांबवा! थांबवा ते!"

यंत्रवाल्याने मान वर केली. यंत्र थांबलं. काठावरचा एक तरुण माणूस पुढे आला. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात टॅब.

"बाई, इथे यायला मनाई आहे. तुम्ही कोण?"

"मी ग्राफवाली."

तो गोंधळला.

"तुमच्या प्रोग्रामच्या पोटात जी लायब्ररी आहे ना, ती माझी. त्या नव्या आवृत्तीत चूक आहे. माझी चूक आहे. या रस्त्याला दोन पाइप आहेत का? जुना आणि नवा?"

अभियंत्याचा चेहरा उतरला. तो टॅबकडे बघू लागला.

"आहेत," तो म्हणाला. "पण प्रोग्रामने दोनच व्हॉल्व्ह सांगितले. एक या रस्त्याचा, एक पलीकडच्या गल्लीचा."

"तीन सांगायला हवे होते."

चावीवाले काका बाजूलाच उभे होते. व्हॉल्व्ह फिरवायची त्यांची लोखंडी चावी त्यांच्या खांद्याएवढी उंच होती. "हा भाग माझा नाही हो," ते म्हणाले. "इथला चावीवाला रजेवर. मला दोन सांगितले, मी दोन फिरवले."

खड्ड्यातले दोघे यंत्र काठावर ठेवून वर आले.

एका दुकानाच्या पायरीवर वरिष्ठ साहेब बसले होते. ते उठले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुमची ही चाचणी झाली," ते अभियंत्याला म्हणाले. "मी म्हणत होतो ना. घरी बसल्या बसल्या फुकट लिहिलेल्या गोष्टींवर गावाचं पाणी ठेवायचं नसतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा नेहमीसारखा. आणि तो प्रोग्राम पुन्हा माझ्यासमोर आणू नका."

अभियंत्याने टॅब बंद केला. ताईकडे त्याने बघितलंही नाही. मला वाटलं, संपलं. तिने एवढे दिवस जपलेलं सगळं या पायरीपाशी संपलं.

ताई म्हणाली, "साहेब, ही माणसं जेवणार कधी?"

"काय?"

"कापणारी माणसं. त्यांची जेवायची वेळ झाली असेल. ती जेवून येईपर्यंत द्या मला. नाही जमलं तर खुशाल मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मी स्वतः लिहून देईन की ही लायब्ररी वापरू नये म्हणून."

साहेबांनी कापणाऱ्यांकडे पाहिलं. ते डबे उघडायला केव्हाच तयार होते.

"जेवण होईपर्यंत," साहेब म्हणाले. "हात धुतले की संपलं."

ताईने लॅपटॉप खात्याच्या जीपच्या बॉनेटवर ठेवला. अभियंता एका बाजूला, मी एका बाजूला. चावीवाले काका चावीवर हनुवटी टेकून मागे.

तिने नवी चाचणी लिहायला घेतली.

"ताई, आधी दुरुस्त करा हो," अभियंता म्हणाला. "चूक तर कळलीच आहे."

"कळलीय. दिसली नाहीय. आधी लाल."

"ते बघा, तो शेवटची पोळी खातोय!"

"दोन खाणार तो. अंग बघा त्याचं."

चाचणी सोपी होती. दोन नोड, त्यांच्यात दोन पाइप. पाइप किती, असं ग्राफला विचारायचं. उत्तर एक येणार आणि चाचणी लाल होणार. तिने ती चालवली.

हिरवी.

ताईने पुन्हा चालवली. पुन्हा हिरवी. पाइप किती? दोन.

"म्हणजे चूक नाहीच?" अभियंत्याच्या आवाजात एकदम जीव आला.

पायरीवरून साहेब म्हणाले, "यांचं यांनाच ठरवू द्या आधी, चूक आहे की नाही."

ताई मात्र बॉनेटवर आणखी वाकली. नाक पडद्याला टेकेल इतकी.

"मोजणारा वेगळा आहे," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने. "अगं, मोजणारा वेगळा आहे! कडा घातली की एक आकडा मी वाढवते. मोजायला वेळ लागू नये म्हणून. तो आकडा दोन म्हणतोय. कप्प्यात एकच आहे. दोघांची भेटच होत नाही! घोडं इथे पेंड खात होतं! म्हणूनच माझ्या सगळ्या चाचण्या हिरव्या. मी त्या मोजणाऱ्यालाच विचारत बसले!"

तिने चाचणी बदलली. किती असं न विचारता, कोणकोणते असं विचारलं. आकडा नको, पाइप दाखव. तिने ती चालवली.

लाल.

"लाल!" ती किंचाळली. कालच्या सकाळसारखीच. पलीकडच्या दुकानातून दोन माणसं बाहेर आली. कापणाऱ्याच्या हातातला घास थांबला.

"लाल आल्यावर ओरडायचं असतं का?" चावीवाले काकांनी मला विचारलं.

"हिच्याकडे असतं," मी म्हटलं.

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. ताईने कप्प्याचा प्रकारच बदलला. कप्प्यात आता एक पाइप नाही, पाइपांचा जुडगा. प्रत्येक पाइपला स्वतःची ओळख. तिने ती एक ओळ बदलली आणि पडद्यावर लाल रेघाच रेघा उमटल्या.

मी घाबरले. "सगळं मोडलं?"

"नाही गं! ही सासू बोलतेय. जिथे जिथे मी एकच पाइप आहे असं धरून चालले होते, तिथे तिथे ती बोट ठेवतेय. पट्टी काढलीय ना तिच्या डोळ्यांवरची! वाच. वरून खाली. ओळ आणि फाइल. मी दुरुस्त करत जाते. एकही सोडू नकोस."

वाचणं मला येतं. तेवढंच येतं. मी ओळी वाचत गेले, ती दुरुस्त करत गेली. शोधणारं फंक्शन. काढून टाकणारं फंक्शन. सर्वांत जवळची वाट सांगणारं फंक्शन. अभियंताही वाकला. "हे बघा, इथेही मोजणारा आहे." "काढा तो! ज्याला मोजायचं त्याने कप्पे उघडून मोजावं!" दोघे एकमेकांच्या बोटांवर बोटं आणत होते. अर्ध्या तासापूर्वी तो तिच्याकडे बघतही नव्हता. एकेक रेघ जात होती.

कापणारा उठला. हात धुवायला बाटली शोधू लागला.

"अहो दादा," चावीवाले काका त्याला म्हणाले, "जेवणावर काही गोड नाही आणलंत का? नाही? असं कसं चालेल?" आणि स्वतःच्या खिशातून त्यांनी एक चॉकलेट काढलं. कुठून आलं देव जाणे.

कापणारा ते सावकाश चघळत उभा राहिला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि हात धुवायची काही घाई केली नाही.

शेवटची रेघ गेली. ताईने सगळ्या चाचण्या चालवल्या. जुन्या, नव्या. हिरवं, हिरवं, हिरवं. या वेळी ती ओरडली नाही. तिने फक्त माझं मनगट इतकं दाबलं की बांगडीचा वळ उठला.

नवी आवृत्ती बाहेर पडली. अभियंत्याने ती जीपमध्येच आपल्या प्रोग्राममध्ये ओढून घेतली. मग तोच प्रश्न. बाजाराच्या कोपऱ्यावरचा सांधा मोकळा करायचा आहे, काय काय बंद करू?

टॅबवर उत्तर आलं. तीन. तिसरा शिंप्याच्या दुकानासमोर.

काका चावी खांद्यावर टाकून पळाले. आम्ही मागे. शिंप्याच्या दुकानासमोर एक मोटार उभी होती आणि व्हॉल्व्हवरचं झाकण तिच्या चाकाखाली. मालकाचा पत्ता नाही. शिंपी बाहेर आला, अभियंता आला, मी आले, ताईने लॅपटॉप शिंप्याच्या काउंटरवर ठेवला आणि तीही आली. गाडी ढकलली. काकांनी झाकण उचललं, चावी खाली घातली आणि फिरवायला लागले. गंजलेला व्हॉल्व्ह कुरकुरत होता. मग कुरकुर थांबली.

"बसला," काका म्हणाले.

खड्ड्यात यंत्र पुन्हा सुरू झालं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सांधा सुटला होता. पाइपातून पाण्याचा एक लोट आला, कापणाऱ्यांच्या गुडघ्यापर्यंत. ते काठाला टेकून थांबले. आम्ही सगळे थांबलो. लोट बारीक झाला. धार झाली. थेंब झाले.

मग थेंबही नाहीत.

दुसऱ्या बाजूच्या गल्लीतल्या एका बाईला अभियंत्याने ओरडून विचारलं, तुमच्या नळाला पाणी आहे का? तिने आत जाऊन नळ सोडला आणि खिडकीतून भरलेला पेला दाखवला.

ताई पदपथावर बसली. एकदम.

साहेब पायरीवरून खाली आले. खड्ड्यात डोकावले.

"जुनी आवृत्ती बरोबर होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती. पण हळू."

"आणि नवी जलद, पण चुकीची. आता बरोबर. पुढच्या वेळी काय?"

ताईने वर पाहिलं. मला वाटलं, ती शब्द देईल की पुन्हा असं होणार नाही म्हणून.

"पुढच्या वेळीही मी चुकणारच," ती म्हणाली. "पण मला तुमचा नकाशा द्या. सगळा. गावातला प्रत्येक पाइप. नवी आवृत्ती काढण्याआधी मी तो पूर्ण चालवून बघेन. मी घरी बसून जे रचते त्यात माझ्याच डोक्यातले पाइप असतात. तुमचे नसतात."

"नकाशा आम्ही बाहेर देत नाही."

"गल्ल्यांची नावं काढून देऊ," अभियंता पटकन म्हणाला. "नुसते आकडे आणि जोड."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आणि तो चालवून बघितल्याशिवाय एकही आवृत्ती माझ्या व्हॉल्व्हपर्यंत येणार नाही?"

"नाही येणार."

"मग राहू द्या ही लायब्ररी," साहेब म्हणाले आणि जीपकडे गेले. चार पावलांवर थांबून मागे वळले. "लाल आल्यावर ओरडता, ते मात्र ऑफिसात नको."

अभियंता ताईशेजारी पदपथावरच बसला. त्याने टॅबवर नकाशा उघडला. आकडे आणि रेघा. ताईने बोटाने तो मोठा केला, सरकवला, आणखी मोठा केला. तिचा चेहरा पुन्हा काल सकाळसारखा व्हायला लागला होता.

"हा कुठे जातो?" ती म्हणाली. "हा इथून निघतो आणि परत इथेच येतो?"

"तो टाकीभोवतीचा. जिथून निघतो तिथेच मिळतो."

"स्वतःलाच जोडलेला?"

"हो. असे चारपाच आहेत."

"याची एकही चाचणी नाही माझ्याकडे!" तिने माझा दंड पकडला. खड्ड्यातल्या माणसांनीही वर बघितलं. "एकही नाही गं! साहित्यिक, पेन काढ. लिही."